पंचावाले काका

"ताई, तुमचं झालं का?"

विचारणारे गृहस्थ मशीनपासून दोन हात लांब, तोंड खिडकीकडे करून उभे होते, म्हणजे उत्तर देणारीला घाई वाटू नये. विनयाने पाय खाली टेकवले, श्वास सोडला आणि रोजच्यासारखं म्हणाली, "एकच सेट राहिलाय, काका. मधे घ्या ना तुम्ही." ते म्हणाले, "नको, सावकाश होऊ द्या." ती तरीही उठली, तेव्हा कुठे ते पुढे आले. खांद्यावरचा पांढरा पंचा त्यांनी बैठकीवर पसरला, पिन काढून आपल्या बेताच्या वजनाला लावली आणि दोन्ही पाय इतक्या बेताने उचलले की लोखंडावर लोखंड वाजलंच नाही. नायगावच्या त्या नव्या टॉवरच्या पहिल्या मजल्यावर सकाळी एवढा गोंगाट असायचा, छतातल्या स्पीकरवरचं पंजाबी गाणं, ट्रेडमिलची घरघर, कुणीतरी डंबेल जमिनीवर टाकून दिल्याचा दणका, की त्यात एक मशीन वाजलं नाही याची दखल घ्यायचं कुणाला काही कारण नव्हतं. विनयाला होतं. कारण ते गृहस्थ तिचे वडील होते, आणि ही गोष्ट त्या हॉलमधल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हती.

खेळ बाबांनीच सुरू केला होता. गुडघे वाचवायचे तर मांड्यांचे स्नायू बळकट करा, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा, जन्मभर केळी-फुलांच्या वाडीत उकिडवं बसून काम केलेल्या माणसाला आधी हसू आलं होतं. त्यांच्या गावापासून, उमेळ्यापासून, जवळ धड जिम तेवढी एकच, आणि तिथे विनया आधीपासून जात होती. एका संध्याकाळी ओटीवर चाफ्याची फुलं केळीच्या पानात बांधता बांधता ते म्हणाले, "तुझ्या जिममधी मी आलो तं चालंल काय गो?" "न चालायला काय झालं, बाबा?" "तसा नाय. तिथं तुला कोन वलखत नाय ना?" तिला अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. पुण्याचा संसार मिटवून ती उमेळ्याला परत आली तेव्हापासून गावातल्या प्रत्येक वळणावर एक तरी बाई उभी असायची आणि अत्यंत मायेने विचारायची, "किती दिस हायस?" प्रश्नात वाकडं काहीच नसे. म्हणून तर त्याला उत्तर देता येत नसे. कॉलेजच्या ग्रंथालयात तिला सगळे मॅडम म्हणत, पण तिथेही रजिस्टरवर सही करताना आडनाव कोणतं लिहायचं म्हणून हात अर्धा क्षण थांबे. जिममध्ये ती नुसती विनया होती. नवऱ्याचं आडनाव आधार कार्डावर अजून तसंच असल्यामुळे तेच तिथेही लागलं होतं, आणि ते कुणी वाचतही नव्हतं. कुंपणापलीकडून येणारा तो प्रश्न बाबांनीही कितीदा ऐकला असणार. आता गाठ मारून दोरा दातांनी तोडत ते म्हणाले, "तिथं तू कोनाची कोन नाय. ते तसाच र्‍हाऊ दे. मी आलो तरी मी बी तुझा कोन नाय." ती हसली. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते खरोखरच स्कूटर काढून तिच्या आधी निघून गेले, आणि ती पोचली तेव्हा सायकलवर पाय मारता मारता इतक्या परक्या अदबीने "नमस्कार, ताई" म्हणाले की तिला कपडे बदलायच्या खोलीत जाऊन टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसावं लागलं.

हसणं पुढे ओसरलं आणि खेळ मात्र राहिला. घरी 'पानी' म्हणणारे बाबा तिथे 'पाणी' म्हणत, शहरी, स्वच्छ, जरासं जपून. तिला ते तुम्ही म्हणत. सासरी ती 'तू' होती, माहेरी 'गो' होती. एखाद्या वयस्क माणसाने आपल्याला तुम्ही म्हणावं, आपलं होईपर्यंत थांबावं, आपण उठलो म्हणून आभार मानावेत, याची तिला सवयच नव्हती. आणि तो माणूस आपला बाप आहे हे ती काही वेळा अगदी विसरून जाई. विसरली की तिचा कणा आपोआप ताठ होई. दुपारी जेवताना बाबा ताटाकडे बघत विचारत, "काय, आज कोन भेटला जिममधी?" "एक काका भेटले. पंचावाले." "बरे हायत काय?" "बरे आहेत. जरा जास्तच सभ्य आहेत." आई, सुभद्राबाई, भातवाढी हातात धरून दोघांकडे बघे. "दोगांय खुली, येडी. बाजूबाजूला बसून घाम गालायचा, आनि घरी येऊन एकमेकाची चौकशी करायची!"

पंचावाले काका हे नाव संकेतने ठेवलं होतं. संकेत तिथला ट्रेनर, चंदनसारला राहणारा, मूळचा कोकणातला, म्हणून त्याला पंचा हा शब्द ठाऊक होता. बाकीचे लोक रंगीत, जाड टॉवेल आणत आणि विसरून जात. बाबांचा पंचा त्यांच्याबरोबर येई, बैठकीवर पसरला जाई, उठल्यावर तेवढी जागा पुसली जाई, आणि मग पिन पुन्हा वर, सगळ्यांत हलक्या वजनावर. विनयाने फार वाचलं होतं, आणि फार वाचलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं मूळ सापडावं असं वाटतं. तिने ते शोधलंही. त्यांच्या वाडीत एक बावखल होतं, चार घरांनी मिळून वापरायचं पाण्याचं तळं. आजोबांच्या वेळेपासून त्याच्या पाळ्या ठरलेल्या. आपली पाळी संपली की पाट पुढच्याच्या वाडीकडे वळवायचा, त्यातला पालापाचोळा काढायचा आणि मगच घरी यायचं. म्हणजे हे तिथून आलं तर, असं तिला सायकल मारता मारता एकदा वाटलं आणि फार बरं वाटलं. पण जुळणी जरा जास्तच नीट होती, पुस्तकात शोभेल अशी. शिवाय बाबांचे धाकटे भाऊ श्रीपतकाका त्याच बावखलावर वाढले होते, आणि जन्मभर दुसऱ्याच्या पाळीतलं पाणी वळवून घेत आले होते. तिने मूळ शोधणं सोडून दिलं. काही माणसं तशी असतात, एवढंच.

बाबांनी 'झालं का' विचारलं त्या सकाळी पुढे काय झालं, हे ती नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिली. त्या दिवसाच्या कडेकडेने हात फिरवत, कुठे खाच लागते का बघत. खाच नव्हती. बाबांचं झालं, त्यांनी बैठक पुसली, "घ्या ताई, आभारी आहे" म्हणाले आणि पुढच्या मशीनकडे गेले. ती बसली तर पिन अर्थातच वर सरकवलेली. तिला पुन्हा वाकून, ती काढून, आपल्या वजनाला लावावी लागली, आणि तिच्या मनात एक बारीकशी चिडचिड उठली. होती तिथे ठेवली असती तर काय बिघडलं असतं? मधेच तर घेतलं होतं! त्यांच्या सहवासात तिला वाटलेली जिममधली ती शेवटची भावना. दुःख नाही, प्रेम नाही. पावलाखाली खडा यावा तशी चिडचिड. दुपारी आमटीत मीठ कमी होतं. बाबांनी ते आईला न सांगता स्वतः वरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाफा काढायला गेलेले बाबा बावखलाच्या काठावर टेकले, ते उठलेच नाहीत. श्रीपतकाकांनी हाक मारली, मग पुन्हा मारली. फुलं परडीत होती आणि परडी आडवी झालेली नव्हती.

जिमच्या लोकांना कळलं ते संकेतमुळे. दोन दिवस काका दिसले नाहीत म्हणून त्याने त्यांच्या मोबाइलवर फोन केला, तो श्रीपतकाकांनी उचलला आणि दोन वाक्यांत सांगून ठेवून दिला. विनया तेव्हा आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात बसली होती. मांडीवरचा फोन थरथरला. जिमच्या ग्रुपवर संकेतने लिहिलं होतं: आपले लाडके ज्येष्ठ सदस्य गंगाराम काका यांचं अचानक निधन झालं आहे, काकांना भावपूर्ण श्रद्धांजली. वाक्य वाचताना तिला प्रथम खरोखरच धक्का बसला, एखाद्या ओळखीच्या, भल्या, परक्या माणसाच्या जाण्याचा बसतो तसा. अरेरे, पंचावाले काका. त्या एका क्षणात तिने त्यांना, मुलगी म्हणून तिला कधीच न मिळालेल्या अंतरावरून, पूर्ण पाहिलं: उन्हाने रापलेली मान, पोटरीवरची निळी शीर, पांढरा पंचा, मशीन न वाजू देणारे पाय. मग बाहेरच्या खोलीतून आईचा हुंदका आला आणि अंतर मिटलं. फोन थरथरतच होता. एकेक करून जोडलेले हात येत होते, पिवळे, सारखे, मनगटापासून तोडल्यासारखे. सगळ्यांनी जोडले. आपण नाही जोडले तर बरं दिसणार नाही, असं तिला वाटलं. काकांच्या बाबतीत तरी तसं व्हायला नको. तिनेही जोडले. ते हात रांगेत जाऊन बसले आणि इतरांच्या हातांत ओळखू येईनासे झाले.

घरात लोक येत-जात राहिले. माणूस सोन्यासारखा होता, असं सगळे म्हणाले. गेल्या वर्षी पलीकडच्या आळीतला, बायकोला मारणारा माणूस गेला तेव्हा तोही सोन्यासारखाच होता. विनया त्या घरीही गेली होती आणि तिनेही तेच ऐकलं होतं. लोकांची यात चूक नव्हती. शब्द तेवढेच होते, घरोघरी तेच न्यावे लागत. कुणी म्हणालं, भाग्यवान, यातना नाहीत. कुणी आईला विचारलं, आता वाडीचं कसं? कुणी विनयाकडे बघून सुस्कारा सोडला, आणि त्या सुस्काऱ्यात बाबांपेक्षा तीच जास्त होती. ती रडत नव्हती म्हणून दोघीतिघींनी तिला रडवून पाहिलं. सगळं रीतीने होत होतं आणि त्या रीतीखाली बाबा दिवसेंदिवस सपाट होत चालले होते. फोटोत तर ते आधीच सपाट होते. हार घातल्यावर कुणाचेही वडील वाटू लागले.

दिवसपाणी उरकल्यावर ती जिमला गेली. घरात आता जागा पुष्कळ होती आणि ती सहन होत नव्हती.

"ताई, होता कुठे? गावाला?" संकेतने विचारलं.

"घरीच होते. जरा काम होतं."

"ग्रुपवर बघितलंत ना? आपले काका..."

"बघितलं," ती म्हणाली आणि बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकली. नाड्या बांधलेल्याच होत्या. आत्ता सांगायचं, असं तिने वाकल्या वाकल्या ठरवलं. मान वर करायची आणि सांगायचं. तेवढ्यात शेजारच्या सायकलवरून हेमाली बोलू लागली. हेमाली याच टॉवरमध्ये राहणारी, पंचविशीतली, अंधेरीच्या कुठल्याशा ऑफिसात नोकरी करणारी, कानातले इअरफोन काढून एवढं लांबलचक बोलताना विनयाने तिला कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्हाला एक गोष्ट माहितीये काकांची? ते ट्रेडमिलच्या पुढच्याच लाइनीत जायचे. मागची लाइन पूर्ण खाली असली तरी. मला आधी वाटायचं, काय शायनिंग मारतायत काका! मग एकदा विचारलंच मी. तर म्हणाले, बाळ, मी मागे उभा राहिलो तर पुढे पळणाऱ्या मुलीला सारखं वाटणार, मागे कोण आहे, बघतोय का. मी पुढे राहिलो की तिला मी दिसतो, मला ती दिसत नाही. झालं." हेमालीने पाणी प्यायलं. "मी इतक्या जिम केल्या ना, इथे फर्स्ट टाइम मी आरामात पळले."

विनया दीड वर्ष त्याच ट्रेडमिलवर चालत आली होती. बाबा पुढच्या रांगेत असत आणि ती मागच्या. तिला वाटायचं, खेळ म्हणून, आपल्यापासून लांब.

"मला एकदा बोलले होते ते," संकेत म्हणाला. तो हसत होता, पण मान खाली होती. "एक नवीन पोरगा होता, जाडा. मी त्याला मोटिव्हेशन देत होतो, ओरडून. सगळे बघायला लागले. काका काही बोलले नाहीत तेव्हा. तो पोरगा घरी गेला, मग माझ्याजवळ आले. म्हणाले, संकेतराव... मला संकेतराव म्हणायचे ते, माझ्या बापाने कधी अहो-जाहो केलं नाही! म्हणाले, संकेतराव, तुमचा आवाज मोठा छान आहे. जरा जवळ जाऊन वापरत जा."

"मग?" विनयाने विचारलं.

"मग काय. आता जवळ जाऊन वापरतो."

तिघंही हसली. विनया हसली आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत आपण बाबांविषयी असं काही पहिल्यांदाच ऐकतोय, ज्यात ते हलताहेत, बोलताहेत, ज्याचा शेवट आपल्याला आधी माहीत नाही. आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं की आपण तोंड उघडलं की हे थांबेल. संकेतची मान वर येईल, हेमाली तोंडावर हात ठेवेल, आई शप्पथ, सॉरी ताई, आम्हाला माहीतच नव्हतं. आणि मग इथेही ते सोन्यासारखे होतील. मुलीपुढे बाप सोन्याचाच असावा लागतो. परक्या बाईपुढे तो पंचा घेऊन चालू-बोलू शकतो. ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही ती त्यासाठीच गेली, तिसऱ्या दिवशीही. अधाशासारखी. मशीनवर बसायची, वजन न वाढवता पाय हलवत राहायची, आणि कुणीतरी काकांचा विषय काढेपर्यंत थांबायची, कुणी काढलाच नाही तर अगदी सहज म्हणायची, "आज रिकामं रिकामं वाटतंय, नाही?" रात्री मात्र अंथरुणावर पडल्यावर ती स्वतःला विचारी. ज्याने आपल्याला कोणाची कोण नसण्याची मोकळीक दिली, त्याच्या नसण्याचा फायदा आपण उचलतोय का? की त्याने दिलेलीच गोष्ट अजून वापरतोय? दोन्ही खरं वाटे. आपण रोज सकाळी बापाला नाकारायला जातो आणि रोज थोडा थोडा बाप घेऊन घरी येतो, असं काहीतरी तिच्या मनात येई, आणि वाक्य चांगलं झालंय हे जाणवून ती ते पुसून टाकी.

लुसीबाईंनी सांगितलेलं मात्र तिला जड गेलं. लुसीबाई साठीच्या, नायगावच्याच, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर येऊ लागलेल्या. "पहिल्या दिवशी आले ना मी, त्या मशीनवर बसले," त्या म्हणाल्या, "तर कोणीतरी केवढंतरी वजन लावून गेलेलं. पाय उचलेनाच. आता पिन काढून वर लावायची, तर मला सगळे बघतील वाटलं, म्हातारी आली बघा. बसले तशीच, बुटाकडे बघत. ते लांब होते. आले नाहीत जवळ. दुसऱ्या दिवसापासून बघते तर पिन वर. मी त्यांना थॅंक्यू म्हटलं तर म्हणाले, बाई, वाढवायला कुणाला लाज वाटत नाही हो. उतरवायला वाटते. म्हणून आपण हलक्यावर सोडायचं."

विनया उठली आणि पाणी प्यायला गेली. पाण्याच्या मशीनच्या गार धातूला तिने कपाळ टेकवलं. ती पुण्याहून आली होती त्या दिवशी बाबांनी स्टेशनवरून तिची बॅग उचलली होती आणि रस्ताभर केळीवर पडलेल्या रोगाविषयी बोलत राहिले होते. का आलीस, किती दिवसांसाठी, एकटीच का, काही नाही. घरी पोचल्यावर तिच्या खोलीत पलंग, टेबल, पुस्तकांची रिकामी फळी, सगळं पुसून ठेवलेलं होतं. फळी रिकामी का ठेवली हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं. इथे तुला हवं तेवढं मांड, असं ते होतं.

"आपण त्यांच्या घरी जाऊन यायला पाहिजे," ती परत आली तेव्हा लुसीबाई म्हणत होत्या. "इतकी वर्षं एकत्र नव्हतो, पण बरं नाही दिसत. घर कोणाला ठाऊक आहे?"

"उमेळ्याला कुठेतरी," संकेत म्हणाला. "अरे, विनयाताई उमेळ्याच्याच ना! ताई, तुम्ही बघितलंय का काकांचं घर?"

हेमालीसकट तिघं तिच्याकडे बघत होती. हेच ते वळण, तिला कळलं. सांगण्याजोगं, अगदी सोपं.

"बघितलंय," ती म्हणाली. "मी दाखवते."

"आधी ओळखत होता त्यांना?"

"एकाच गावचे आम्ही," ती म्हणाली, आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

शनिवारी तिने आईला सांगितलं की उद्या जिममधली माणसं येणार आहेत. आई तांदूळ निवडत होती. बोटं थांबली नाहीत. "त्यांना ठाव हाय?"

"नाही."

आईने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग अगदी व्यवहाराचं काहीतरी विचारावं तसं विचारलं, "मंग मी काय करू? तुला वलखू, का नको?"

विनयाला हसू आलं, आणि हसता हसता, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, रडू आलं. आईने सूप खाली ठेवलं नाही, जवळ घेतलं नाही. तिच्या घरात असलं काही करायची रीत नव्हती. "तुझ्या बापाचा खेल," ती एवढंच म्हणाली. "मना कदी खेलाया नाय घेतला."

रविवारी ती रस्त्यापाशी जाऊन उभी राहिली. रिक्षातून तिघं उतरली. संकेत पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि हातांचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं. हेमालीने साधा पांढरा कुर्ता घातला होता. लुसीबाईंच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चालता चालता त्यांनी विनयाला जरा मागे ओढलं. "मेणबत्ती आणलीय. तुमच्यात चालते ना? नाहीतर पिशवीत ठेवते, त्या बाईंना वाईट नको वाटायला."

"चालेल," विनया म्हणाली. "त्यांना बरं वाटेल."

एका बाजूला नव्या इमारतीची पत्र्याची भिंत, दुसऱ्या बाजूला वाड्या. केळीची पानं रस्त्यावर ओणवलेली. ती पुढे चालली होती, स्वतःच्या घराची वाट दाखवत, आणि परक्या माणसाला दाखवावी तशी ती तिला दिसत होती: इथून डावीकडे, इथे जरा जपून, दगड सुटलाय. दगड बाबा बसवणार होते. एखाद्या खिडकीतून हाक येईल, 'काय गो विनू', याची तिचा पाठकणा वाट बघत होता. हाक आली नाही. मागे तिघं हळू आवाजात बोलत होती. संकेत सांगत होता की नवीन येणाऱ्यांना तो आता पहिल्या दिवशी मशीन पुसायला शिकवतो, लुसीबाई म्हणाल्या, "शिकवून येत नाही रे ते", आणि संकेत म्हणाला, "येतं. मला आलं ना." विनयाला त्या क्षणी तिघांविषयी इतकी माया वाटली की ती जवळ यावीत म्हणून तिने पाऊल हळू केलं. या माणसांना कुणी सांगितलं नव्हतं यायला. नातं नाही, गोत नाही, शेजार नाही. सुट्टीची सकाळ मोडून, इस्त्री करून, ती एका म्हाताऱ्याच्या घरी निघाली होती, कारण तो आपलं झाल्यावर जागा पुसून उठायचा. आणि आपण त्यांना अजून फाटकाबाहेर ठेवलंय, स्वतःच्या हातांनी.

घर आलं. ओटीवर आई उभी होती, धुतलेलं सुती लुगडं नेसून. तिने चौघांकडे पाहिलं आणि हात जोडले. "या," ती सगळ्यांना मिळून म्हणाली. विनयाकडे तिने वेगळं बघितलं नाही. डोळ्यांतली ओळख आत कुठेतरी नेऊन ठेवून, दार धरून उभी राहिली, बाबा मशीनपाशी थांबत तशी, मुलीचं होईपर्यंत.

फाटकाशी चपला काढताना हेमालीने विनयाचा दंड धरला. "ताई," ती कुजबुजली, "आत गेल्यावर काय बोलायचं असतं? मी अशी कधी कोणाकडे गेलेच नाहीये. त्यांची मुलगी पण असेल ना? तिला काय म्हणू?"

विनयाने फाटकाचा दांडा धरला. आवाज निघाला तो तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा, ओटीपर्यंत पोचणारा.

"मला जिममध्ये सांगितलंत तेच सांगा तिला. आईलाही सांगा," ती म्हणाली. "ती मुलगी मीच. ते माझे बाबा होते. मला ते फार आवडायचे."